आठ गोलांच्या विजयाची चिकित्सा

१०० पैकीं ९५ गुण मिळविणाऱ्या मुलाची उत्तरपत्रिका सहसा कोणी पुन्हां उघडून पाहत नाहीं. वडील पाहत नाहींत, मास्तर पाहत नाहींत, आणि तो मुलगा तर नाहींच नाहीं. नापास झालेल्या मुलाची उत्तरपत्रिका मात्र घरांतील सर्व वडीलधाऱ्या मंडळींच्या हातून फिरते व जो तो तींत एक तरी नवी चूक शोधून काढतो. खेळांच्या जगांतहि हीच रीत आहे. हरलेल्या संघाची चिकित्सा आठ आठ दिवस चालते. मोठ्या फरकानें जिंकलेल्या संघाच्या गळ्यांत हार घातला कीं काम संपलें. १४ ऑगस्ट २०२० रोजीं पोर्तुगालची राजधानी लिस्बन येथें म्यूनिकच्या बायर्न संघानें बार्सिलोनाचा ८ विरुद्ध २ गोलांनीं पराभव केला, तेव्हां असेंच झालें. जिकडे तिकडे बार्सिलोनाच्या अधःपाताची चर्चा सुरू झाली. बायर्नचा संघ त्या रात्रीं नेमकें काय चांगलें खेळला, काय वाईट खेळला, आणि त्या आठ गोलांतील किती गोल खऱ्या कमाईचे होते, हा हिशेब त्या गदारोळांत मागें पडला. तो मांडण्यासारखा आहे. कारण पुढील आठ महिन्यांत बायर्नवर जे प्रसंग आले त्यांचें बीज त्या रात्रींच्या खेळांतच होतें.

प्रथम सामन्याची पार्श्वभूमि. युरोपांतील निरनिराळ्या देशांच्या अग्रगण्य व्यावसायिक संघांची ‘चँपियन्स लीग’ नांवाची स्पर्धा दरवर्षीं होते. तींतील बाद फेऱ्यांमध्यें अंतिम सामना वगळतां एरवीं प्रत्येक जोडीचे दोन सामने होतात, एक आपल्या गांवीं व एक प्रतिपक्षाच्या गांवीं, आणि दोहोंतील गोलांची बेरीज करून निकाल लावितात. २०२० सालीं कोरोनाच्या साथीमुळें हा क्रम मोडला. उपांत्यपूर्व फेरीपासून पुढचे सर्व सामने लिस्बन शहरांतच, एकेकच, आणि प्रेक्षकांवांचून खेळविण्यांत आले. बेनफिका संघाच्या त्या प्रचंड क्रीडांगणांत, रिकाम्या बाकांच्या रांगांमधून, खेळाडूंच्या हांका तेवढ्या घुमत होत्या. समोरासमोर आलेले संघ तोलामोलाचे होते. त्या दिवसापर्यंत बार्सिलोनानें युरोपचें अजिंक्यपद पांच वेळां मिळविलें होतें, आणि बायर्ननेंहि पांच वेळां.

सामना कसा घडला तें घड्याळाकडे पाहत सांगितलें पाहिजे, कारण या साऱ्या विवेचनाचा आधार घड्याळच आहे. चौथ्या मिनिटास थॉमस म्यूलरनें रॉबर्ट लेवांडोव्हस्कीशीं चेंडूची देवघेव करून बायर्नचा पहिला गोल केला. सातव्या मिनिटास बायर्नच्याच डेव्हिड अलाबाच्या पायाला लागून चेंडू स्वतःच्या गोलांत गेला व बरोबरी झाली. पुढें २१ व्या मिनिटास इव्हान पेरिसिच, २७ व्या मिनिटास सर्ज न्याब्री आणि ३१ व्या मिनिटास पुन्हां म्यूलर, असे दहा मिनिटांत तीन गोल झाले. मध्यंतरास बायर्न ४-१ नें पुढें होतें. मध्यंतरानंतर ५७ व्या मिनिटास लुइस सुआरेझनें बार्सिलोनाचा दुसरा गोल केला, तर ६३ व्या मिनिटास जोशुआ किमिखनें बायर्नचा पांचवा. मग जवळ जवळ वीस मिनिटें कांहीं घडलें नाहीं. आणि शेवटीं शेवटीं, ८२, ८५ व ८९ व्या मिनिटांस, बायर्ननें आणखी तीन गोल चढविले.

हे शेवटचे तीन गोल प्रथम बाजूला काढून ठेवावेत. लढाईचा निकाल लागल्यावर पळत्या सैन्याच्या पाठलागांत जे शत्रु पडतात, त्यांच्या संख्येवरून कोणी सेनापतीच्या कौशल्याची परीक्षा करीत नाहीं. ८० व्या मिनिटास बार्सिलोनाचे खेळाडू मैदानावर होते, पण सामन्यांत नव्हते. शिवाय या तिहींतील दोन गोल करणारा फिलिप कुटिन्यो हा वस्तुतः बार्सिलोनाचाच खेळाडू! २०१८ च्या जानेवारींत बार्सिलोनानें त्यास लिव्हरपूल संघाकडून प्रचंड रक्कम मोजून विकत घेतला होता, आणि तेथें त्याचें जमेना म्हणून त्या हंगामापुरता बायर्नला उसना दिला होता. ७५ व्या मिनिटास तो राखीव बाकावरून उठून मैदानांत उतरला. एक गोल त्यानें लेवांडोव्हस्कीकडून करविला आणि दोन स्वतः केले. आपणच उसनी दिलेली तलवार आपल्याच मानेवर यावी, तशांतला हा प्रकार. ऐकणाऱ्यास हंसूहि येतें आणि थोडी कींवहि येते. परंतु बायर्नच्या खेळाच्या परीक्षणांत त्याला फारसें स्थान नाहीं.

राहिले पांच गोल. त्यांतील पहिले चार ३१ मिनिटांच्या आंतले आहेत, आणि बायर्नची खरी कर्तबगारी तेवढ्या अर्ध्या तासांत सामावलेली आहे.

ती कर्तबगारी समजण्यास या संघाच्या खेळाचें मर्म ध्यानांत घेतलें पाहिजे. सामान्यतः एखाद्या संघाच्या पायांतून चेंडू गेला कीं त्याचे गडी आपल्या गोलाच्या रक्षणासाठीं मागें पळत सुटतात. बायर्नचे गडी उलट पुढें धांवत. ज्या प्रतिपक्ष्याच्या पायांत चेंडू पडला त्याच्यावर दोघे तिघे एकदम तुटून पडत, आणि तो ज्यांना चेंडू देऊं शकेल अशा जवळच्या साथीदारांच्या वाटा बाकीचे अडवून धरीत. जर्मन प्रशिक्षक या रीतीस ‘गेगेनप्रेसिंग’ म्हणतात. आपण तिला प्रतिदाब म्हणूं. चेंडू नुकताच हातीं आलेला संघ क्षणभर विस्कळित असतो. त्याचे गडी बचावाच्या जागा सोडून चढाईच्या जागांकडे निघालेले असतात. त्या अधल्यामधल्या क्षणीं चेंडू पुन्हां हिसकावून घेतां आला, तर समोर गोलाची वाट अर्धीअधिक मोकळी सांपडते. प्रतिदाबाचें सारें गणित या एका क्षणावर बसविलेलें आहे.

बार्सिलोनाची परंपरा या गणिताला फार सोयीची होती. गोलरक्षकापासून आरंभ करून आंखूड, बिनचूक चाली करीत चेंडू पुढें नेणें हा त्या संघाचा कुळाचार. ज्या काळीं त्या संघाचे पाय चपळ होते, त्या काळीं याच कुळाचारानें त्यानें सारा युरोप जिंकला. २०२० सालीं मेस्सी, सुआरेझ, पिके व विदाल हे चौघेहि ३३ वर्षांचे आणि बुस्केट्स ३२ वर्षांचा होता. कुळाचार तोच राहिला, पण तो पाळणाऱ्यांचें वय झालें होतें. २१ व्या मिनिटाचा गोल पाहावा. बार्सिलोनाच्या सर्जी रोबेर्तोनें आपल्याच बाजूला चेंडू गमावला. तो न्याब्रीनें उचलून डावीकडे पेरिसिचला दिला. पेरिसिचनें तो खालून सरळ गोलांत धाडला. चेंडू हिसकावणें, देणें आणि मारणें, एवढ्यांतच सारा गोल संपला. २७ व्या मिनिटाच्या गोलांत गोरेट्स्कानें बचावाच्या फळीवरून अलगद टाकलेल्या चेंडूवर न्याब्री धांवून गेला. ३१ व्या मिनिटास किमिखनें उजवीकडून चेंडू आंत टाकला, तेव्हां म्यूलर त्याच्यावर बार्सिलोनाच्या रक्षकाच्या आधीं पाऊलभर पोंचला. चारहि गोलांत बळ किंवा चमत्कार दिसत नाहीं. एक पाऊल आधीं पोंचणें दिसतें.

परंतु आघाडीचे चार गडी पुढें धांवले म्हणजे दाब पुरा होत नाहीं. त्यांच्या मागें मोकळें मैदान राहिलें तर प्रतिपक्ष एक चेंडू त्यांच्या डोक्यावरून टाकील आणि मोकळा होईल. म्हणून आघाडी पुढें गेली कीं मधल्या फळीनें पुढें सरकलें पाहिजे, मधली सरकली कीं पिछाडीनेंहि. मैदानाची लांबी सुमारें ११५ यार्ड असते. त्यांतील थोड्याशा पट्ट्यांत आपले दहाहि गडी गोळा करून प्रतिपक्षाचा श्वास कोंडावयाचा, हा त्यामागील बेत. बायर्नची पिछाडी यामुळें वारंवार मध्यरेषेजवळ जाऊन उभी राही. तिच्या पाठीमागें, गोलरक्षक मॅन्युएल नॉयरपर्यंत, नुसतें मोकळें हिरवें मैदान!

ज्यांनीं हा खेळ फारसा पाहिला नाहीं अशा श्रोत्यांच्या मनांत येथें सहजच प्रश्न येईल कीं, त्या मोकळ्या मैदानांत प्रतिपक्षाचा एखादा गडी आधींच जाऊन कां उभा राहत नाहीं? त्याला ऑफसाइडचा नियम आड येतो. सहकारी चेंडू मारतो त्या क्षणीं, पलीकडच्या अर्ध्या मैदानांत, चेंडूच्या पुढें आणि प्रतिपक्षाच्या शेवटून दुसऱ्या गड्याच्याहि पुढें जो उभा असेल तो ‘ऑफसाइड’ ठरतो व त्याचा गोल धरीत नाहींत. शेवटचा गडी बहुधा गोलरक्षक असतो. म्हणून शेवटून दुसरा म्हणजे व्यवहारतः पिछाडीचा सर्वांत मागला गडी. १९२५ पूर्वीं या ठिकाणीं दोन गड्यांऐवजीं तिघांची अट होती. ती त्या वर्षीं सैल केली. तेव्हां पिछाडी जितकी पुढें सरकेल तितकें प्रतिपक्षाच्या आघाडीलाहि मागें यावें लागतें. नियमच जणूं अदृश्य भिंत होऊन उभा राहतो.

या भिंतीला एक फट आहे, आणि सर्व विषय त्या फटीपाशीं येऊन थांबतो. नियम पाहतो तो चेंडू मारण्याचा क्षण. चेंडू पोंचण्याचा नव्हे. सहकाऱ्याचा पाय चेंडूला लागतो न लागतो तोंच जो गडी रेषेमागून सुटेल, तो नियमाच्या आंत राहूनहि पन्नास यार्डांचें मोकळें रान गांठूं शकतो. हें टाळण्यास दोन गोष्टी लागतात. पिछाडीच्या चौघांनीं कवाइतीच्या रांगेप्रमाणें एकाच वेळीं पाऊल उचललें पाहिजे. एकजण मागें रेंगाळला कीं रेषा मोडली. आणि दुसरी, अधिक महत्त्वाची गोष्ट अशी कीं, चेंडू देणाऱ्यावर दाब असला पाहिजे. अंगावर दोघे धांवून आले असतां मान वर करून लांबचा नेमका चेंडू टाकणें फार थोड्यांना साधतें. त्याला एक दोन क्षणांची उसंत मिळाली तर तेवढ्यांत तो भिंतीपलीकडे चेंडू पोंचवितो. पिछाडीची सुरक्षितता अशा रीतीनें आघाडीच्या पायांवर अवलंबून असते. पुढें म्यूलर दमला कीं मागें बोआटेंग उघडा पडला!

आतां घड्याळाकडे पुन्हां वळावें. चौथ्या मिनिटास एक गोल झाला व २१ व्या मिनिटास पुढचा. मधल्या काळांत काय झालें? सातव्या मिनिटास बार्सिलोनाचा जॉर्डी आल्बा डावीकडून रेषेपलीकडे धांवला व त्यानें चेंडू गोलासमोर टाकला. तोच अडवितांना अलाबाकडून स्वतःवर गोल झाला. हा केवळ दैवाचा फेरा म्हणून सोडून देतां येत नाहीं, कारण थोड्याच वेळांत सुआरेझ तशाच फटींतून एकटा नॉयरसमोर आला. नॉयरनें तो चेंडू अडविला. त्यापाठोपाठ मेस्सीचा चेंडू कोणाच्याहि पायाला न लागतां दूरच्या खांबावर आदळून परत आला. गोल आठ यार्ड रुंद व आठ फूट उंच असतो. त्याच्या खांबाची जाडी पांच इंचांपेक्षां अधिक असूं नये असा नियम आहे. तेवढ्या जाडीवर बायर्नची आघाडी त्या वेळीं अडकून होती. ज्या संघानें पुढें आठ गोल केले, त्याच्या पिछाडीला पहिल्या १५ मिनिटांत उतार वयाच्या आघाडीनें तीनदां भेदलें, आणि तेव्हां गोलफलक १-१ असा होता.

यास्तव त्या रात्रींच्या श्रेयाची वांटणी करावयाची तर पहिला वांटा नॉयरचा, असें म्हणावें लागतें. गोल करणाऱ्यांच्या यादींत त्याचें नांव नाहीं. सामन्यांतील सर्वोत्तम खेळाडू म्हणून मान मिळाला तो म्यूलरला. म्यूलरचाहि अधिकार मोठाच होता. दोन गोल त्याचे होतेच, शिवाय दाब केव्हां घालावयाचा याची खूण त्याच्या धांवण्यावरून इतरांना मिळे. दिसावयास हा गडी अगदीं गबाळा. गुडघ्याखालीं घसरलेले मोजे, वेडीवांकडी धांव. परंतु मोकळी जागा ओळखणारी त्याची नजर दुर्मिळ. ६३ व्या मिनिटास एकोणीस वर्षांच्या अल्फोन्सो डेव्हिसनें डाव्या कडेनें जी मुसंडी मारली, ती पाहणाऱ्याच्या डोळ्यांपुढून जाणार नाहीं. हा मुलगा लायबेरियांतून परागंदा झालेल्या आईबापांच्या पोटीं घानांतील निर्वासितांच्या छावणींत जन्मला आणि कॅनडांत वाढला. बार्सिलोनाच्या सेमेदोला चकवून तो थेट गोलरेषेपर्यंत गेला व तेथून चेंडू त्यानें किमिखच्या पायांशीं आणून ठेवला. किमिखनें फक्त पाय लावावयाचा होता. आठांतील हाच एक गोल असा कीं, तो प्रतिपक्षाच्या चुकीचा नसून एका माणसाच्या अंगच्या गुणाचा म्हणतां येईल.

बायर्नचे प्रशिक्षक हान्सी फ्लिक यांना आपल्या पद्धतींतील फट दिसत नव्हती असें मानणें भोळेपणाचें होईल. ती स्वीकारूनच त्यांनीं ती पद्धति निवडली होती. नोव्हेंबर २०१९ मध्यें फ्रँकफुर्टच्या संघाकडून ५-१ असा मार खाल्ल्यावर पूर्वींचे प्रशिक्षक निको कोवाच पायउतार झाले व साहाय्यक असलेल्या फ्लिक यांच्याकडे सूत्रें आलीं. येथें एक गंमत नोंदविण्यासारखी आहे. त्याच्या एकच महिना आधीं, १ ऑक्टोबर २०१९ रोजीं, याच कोवाच यांच्या हाताखालीं बायर्ननें लंडनमध्यें टॉटनहॅमचा ७-२ असा धुव्वा उडविला होता, आणि न्याब्रीनें उत्तरार्धांत चार गोल केले होते. टॉटनहॅम म्हणजे त्या आधींच्या हंगामाचा उपविजेता. सात गोलांचा तो आंकडा पाहून संघाचें सारें आलबेल आहे असें ज्यांनीं मानलें, त्यांना उत्तर मिळण्यास ३३ दिवस पुरले.

फ्लिक यांनीं आल्यावर पिछाडी वर चढविली, कोवाच यांच्या काळीं राखीव बाकावर बसूं लागलेल्या म्यूलरला मध्यें आणलें, आणि दाब वाढविला. एका सामन्यांत हा सौदा किफायतशीर ठरतो. आपण चार गोल करणार आणि प्रतिपक्षाला दोन तीन संधी देणार. त्या संधी नॉयरसारख्या गोलरक्षकापुढें दवडल्या जाण्याचा संभव अधिक. व्यापाऱ्याच्या भाषेंत, नफा मोठा असल्यानें थोडी तूट सोसतां येते. मात्र तूट ती तूटच, आणि ती वहींत लिहून ठेवावी लागते.

विजेत्याच्या श्रेयांतून पराजिताच्या दुबळेपणाचा भागहि वजा केला पाहिजे. बार्सिलोनानें त्या रात्रीं मेस्सी व सुआरेझ यांना पुढें ठेवून मागें चार चारांच्या दोन फळ्या उभ्या केल्या होत्या. पुढचे दोघे चेंडू परत मिळविण्यासाठीं फारसे धांवत नसत. त्यामुळें थिआगो व गोरेट्स्का यांना मैदानाच्या मध्यावर मान वर करून खेळावयास हवी तेवढी उसंत मिळाली. म्हणजे बायर्ननें जें बार्सिलोनास करूं दिलें नाहीं, तें बार्सिलोनानें बायर्नला करूं दिलें. एका सामन्यांत आठ गोल सोसण्याची पाळी त्या संघावर १९४६ नंतर प्रथमच आली. तीन दिवसांनीं प्रशिक्षक किके सेतिएन यांना काढून टाकण्यांत आलें.

लिस्बनमधील पुढचे दोन सामने पहिल्यापेक्षां अधिक बोलके आहेत, जरी त्यांचे आंकडे लहान असले तरी. १९ ऑगस्टला उपांत्य फेरींत फ्रान्सच्या लिऑन संघाची गांठ पडली. लिऑनला बार्सिलोनासारखा कुळाचार पाळावयाचा नव्हता; त्यांनीं आंखूड चालींच्या भानगडींत न पडतां चेंडू मिळाला कीं तो सरळ बायर्नच्या रेषेपलीकडे धाडण्याचा क्रम ठेविला. आरंभींच्या मिनिटांत मेम्फिस डेपाय एकटा पुढें गेला व त्याचा नेम बाजूला गेला. सतराव्या मिनिटास टोको एकांबीचा चेंडू खांबाला लागला. पुढच्याच मिनिटास न्याब्रीनें उजवीकडून आंत शिरून बायर्नचा पहिला गोल केला. शेवटीं निकाल ३-० लागला, आणि पुन्हां आंकड्यानें फट झांकली. २३ ऑगस्टच्या अंतिम सामन्यांत पॅरिसच्या नेमारला व एम्बापेला पूर्वार्धांत अशाच संधी मिळाल्या; नॉयर पुन्हां आड आला. ५९ व्या मिनिटास किंग्सली कोमान, जो स्वतः पॅरिसचा व पॅरिसच्याच संघांत वाढलेला, त्यानें डोक्यानें एकमेव गोल केला आणि बायर्न सहाव्यांदां युरोपचें अजिंक्य झालें. अकराहि सामने जिंकून आणि ४३ गोल करून ही स्पर्धा बायर्ननें जिंकली, हें मोठेपण कोणी नाकारूं नये. परंतु खेळ म्हणून पाहिल्यास १-० चा अंतिम सामना ८-२ पेक्षां वरचढ होता. त्यांत फ्लिक यांनीं बार्सिलोनाविरुद्ध गोल केलेल्या पेरिसिचला बाजूला ठेवून कोमानला खेळविण्याचा निर्णय घेतला, आणि तोच निर्णायक ठरला.

पुढचा हंगाम १८ सप्टेंबर २०२० रोजीं सुरू झाला. पहिल्याच सामन्यांत बायर्ननें शाल्के संघावर आठ गोल चढविले व एकहि गोल घेतला नाहीं. २४ सप्टेंबरला बुडापेस्ट येथें सेव्हिलाशीं जादा वेळ खेळून ते जिंकले. आणि २७ सप्टेंबरला, ८-० नंतर नवव्या दिवशीं, होफेनहाइम संघानें त्यांना ४-१ नें हरविलें! ३२ सामने अजिंक्य राहिलेला आणि लागोपाठ २३ सामने जिंकलेला संघ पडला. कारण उघड होतें. जादा वेळ खेळून दमलेल्या पायांना दाब पुरेसा घालतां आला नाहीं. दाब सैल पडला तशी मागची भिंत फुटली.

त्या हिवाळ्यांत हें दृश्य वरचेवर दिसूं लागलें. ३ जानेवारी २०२१ रोजीं माइन्झ संघ मध्यंतरास बायर्नवर २-० नें पुढें होता. उत्तरार्धांत बायर्ननें पांच गोल करून सामना ५-२ असा जिंकला. दुसऱ्या दिवशींच्या वृत्तपत्रांत पांचाचा आंकडा ठळक. पांच दिवसांनीं म्यूंशनग्लाडबाख येथें बायर्ननें २-० अशी आघाडी घेऊनहि ३-२ अशी हार खाल्ली. तेथील योनास हॉफमननें रेषेपाठीमागच्या मोकळ्या जागेंत सुटून दोन गोल केले. त्याच महिन्यांत दुसऱ्या श्रेणींतील कील संघानें बायर्नला जर्मन चषकांतून बाहेर काढलें. जर्मन लीगचें अजिंक्यपद बायर्ननें राखलें, तेंहि सलग नवव्यांदां, आणि लेवांडोव्हस्कीनें ४१ गोल करून गेर्ड म्यूलरचा १९७१-७२ सालचा ४० गोलांचा विक्रम मोडला. परंतु आदल्या हंगामांत ३४ सामन्यांत ३२ गोल सोसणाऱ्या संघानें या हंगामांत ४४ सोसले.

एप्रिल २०२१ मध्यें चँपियन्स लीगच्या उपांत्यपूर्व फेरींत पॅरिसशीं पुन्हां गांठ पडली. ७ एप्रिलला म्यूनिकमध्यें बर्फ पडत असतां सामना झाला. बायर्ननें तीसांहून अधिक वेळां गोलावर नेम धरला आणि दोन गोल केले; पॅरिसनें मोजके नेम धरले आणि तीन गोल केले. त्यांतील दुसरा गोल या विषयाचा नमुनाच आहे. बायर्नचे गडी गोलासमोरून एकदम पुढें सरकत होते. नेमारला चेंडू टाकावयास पुरेशी उसंत मिळाली. त्यानें तो फळीवरून अलगद सोडला, आणि मार्किन्योस एकटा नॉयरसमोर उभा! लिस्बनमध्यें सुआरेझला जी फट सांपडली होती, तीच ही फट. एम्बापेच्या पहिल्या गोलांत तर नॉयरच्या हातून चेंडू निसटला. जो खात्रीचा पाहारेकरी तूट भरून काढीत होता, तोहि माणूसच होता. १३ एप्रिलला पॅरिसमध्यें बायर्ननें १-० असा विजय मिळविला; बेरीज ३-३ झाली, परंतु प्रतिपक्षाच्या मैदानावर अधिक गोल करणाऱ्यास झुकतें माप देणारा नियम त्या वेळीं चालू होता, त्यामुळें पॅरिस पुढें गेलें. न्याय्यपणें हेंहि सांगितलें पाहिजे कीं, दोन्ही सामन्यांत लेवांडोव्हस्की दुखापतीमुळें व न्याब्री कोरोनामुळें खेळूं शकले नाहींत. ते असते तर कदाचित् चार पांच गोल होऊन फट पुन्हां झांकली गेली असती.

फ्लिक त्या उन्हाळ्यांत बायर्न सोडून जर्मन राष्ट्रीय संघाकडे गेले. तो संघ त्यांना नवा नव्हता. ८ जुलै २०१४ रोजीं बेलो होरिझोंत येथें जर्मनीनें ब्राझिलला ७-१ असें हरविलें, तेव्हां मुख्य प्रशिक्षक योआखिम ल्योव यांचे साहाय्यक म्हणून ते मैदानाच्या कडेला होते. आणि नॉयर, बोआटेंग व म्यूलर हे तिघे त्याहि सामन्यांत खेळले होते. सप्टेंबर २०२३ मध्यें जपाननें जर्मनीला जर्मनींतच ४-१ नें हरविलें व फ्लिक यांना पदावरून दूर व्हावें लागलें. मोठे आंकडे या गृहस्थाच्या वाट्याला दोन्ही बाजूंनीं आले आहेत.

मे २०२४ मध्यें त्यांची नेमणूक झाली ती बार्सिलोनाच्या प्रशिक्षकपदीं. लेवांडोव्हस्की तेथें २०२२ पासूनच होता. ज्या संघाचा त्यांनीं लिस्बनमध्यें धुव्वा उडविला, त्याच संघाला त्यांनीं तीच पद्धति शिकविली: तोच दाब, मध्यरेषेजवळ उभी असलेली तीच पिछाडी. २३ ऑक्टोबर २०२४ रोजीं या बार्सिलोनानें बायर्नला ४-१ असें हरविलें. तीन दिवसांनीं माद्रिदमध्यें रेआल माद्रिदवर ४-० असा विजय मिळविला. त्या सामन्यांत एम्बापे पुनःपुन्हां ऑफसाइड सांपडला. हंगामाच्या अखेरीस स्पेनची लीग व राजाचा चषक त्यांच्या पदरांत पडला. चँपियन्स लीगच्या उपांत्य फेरींत मात्र मिलानच्या इंटर संघाविरुद्ध पहिला सामना ३-३ असा बरोबरींत सुटला, आणि ६ मे २०२५ रोजीं मिलानमध्यें दुसऱ्या सामन्यांत ९० मिनिटें संपेपर्यंत बार्सिलोना ३-२ नें पुढें होतें. जादा मिळालेल्या मिनिटांत आचेर्बीनें बरोबरी साधली आणि वाढीव वेळांत फ्रात्तेसीनें इंटरचा चौथा गोल केला. दोन सामने मिळून बार्सिलोनानें सहा गोल केले व सात सोसले.